नव्या शिवणयंत्राची ओळख : पहिला पंधरवडा

शिवणयंत्र घरात येणे ही ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने लहान घटना नसते. शेतीच्या हंगामापलीकडे वर्षभर चालणारे, घराबाहेर न जाता करता येणारे आणि थोड्या भांडवलात उभे राहणारे असे फार थोडे उद्योग आहेत. शिवणकाम त्यांपैकी एक होय. म्हणूनच जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांनी आपल्या योजनांत शिवणयंत्रांच्या वाटपाला वर्षानुवर्षे स्थान दिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांतही शिंप्याच्या व्यवसायाचा समावेश करण्यात आला आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, तसेच प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन यांची तरतूद करण्यात आली.

यंत्र मिळते, त्याला हळदकुंकू लागते, पहिले चार दिवस घरातील जुनी उशी-चादर शिवून होते. त्यानंतर एखाद्या दिवशी कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंतवळ जमू लागते, दोरा तुटू लागतो, सुई मोडते. शेजारीण म्हणते, यंत्रच सदोष आले. दुरुस्ती करणारा कारागीर तालुक्याच्या गावी असतो आणि यंत्र तेथवर नेणे हेच एक संकट असते. मग यंत्रावर झाकण पडते, झाकणावर कपड्यांच्या घड्या येतात आणि उत्पन्नाचे साधन म्हणून आलेली वस्तू घरातील मेज होऊन बसते. वस्तुतः अशा यंत्रात पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. सुई उलटी बसलेली असते, दोरा एका तारेतून सुटलेला असतो किंवा बॉबिनच्या घरात तंतू अडकलेला असतो. यंत्र आणि ते चालविणारी स्त्री यांची ओळख पुरी झालेली नसते, एवढेच. ही ओळख पहिल्या पंधरवड्यात कशी करून घ्यावी याची माहिती येथे दिली आहे. गावोगाव वापरात असलेले, काळ्या रंगाचे, पायाने चालविण्याचे एकसुई यंत्र डोळ्यांपुढे ठेवून ती मांडली आहे.

टाका कसा पडतो

हाताने शिवताना एकच दोरा कापडातून आरपार जातो आणि परत येतो. यंत्राला हे जमत नाही, कारण सुई त्याच्या हातून कधी सुटत नाही. ही अडचण सोडविण्यासाठी अनेक कारागिरांनी आयुष्य वेचले. फ्रान्समधील बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसमधील शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडून टाकली. अमेरिकेत एलियस होवे यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या : नेढे सुईच्या टोकाशी असणे आणि खालून दुसरा दोरा आणणारा धोटा असणे. पुढे १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि शिवणयंत्र घराघरांत पोहोचू लागले. यंत्रांच्या हव्यासावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि त्याला बेकार न करणारे यंत्र म्हणून ते त्याकडे पाहत होते.

आजच्या घरगुती यंत्रातील टाकाही याच तत्त्वावर पडतो. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली उतरते. तळाशी पोहोचून ती किंचित वर येऊ लागते तेव्हा नेढ्याजवळ दोऱ्याचा एक छोटा फासा सुटतो. त्याच क्षणी शटलचे टोकदार नाक त्या फाशात शिरते, फासा मोठा करते आणि बॉबिनभोवतून फिरवून आणते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला असा वेढा घालतो. लगेच वरचा दांडा दोरा ओढून घेतो आणि वेढा कापडाच्या दोन थरांमध्ये जाऊन बसतो. सुई कापडाबाहेर असताना खालचे दाते वर येतात, कापड एक टाकाभर पुढे सरकवितात, खाली बसतात आणि मागे परततात.

एवढी क्रिया एकदा हातचाक सावकाश फिरवून, दोरा न ओवता, डोळ्यांनी पाहून घेतली तर पुढील निम्म्या शंका आपोआप फिटतात. सुई आणि शटल यांची भेट अगदी थोड्या अंतरात आणि क्षणार्धात होते. सुई जरा वाकली, उलटी बसली किंवा पुरेशी वर चढविली गेली नाही तर नाकाला फासा सापडत नाही आणि टाका सुटतो. यंत्राच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या भेटीत किंवा दोऱ्याच्या ताणात असते.

पहिला दिवस : जागा, पुसणे आणि तेल

यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे. चारही पाय टेकले नाहीत तर ते थरथरते आणि थरथरणारे यंत्र सरळ टीप घालीत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पायांखाली फरशीचे तुकडे किंवा सपाट फळी ठेवणे सोयीचे. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. चुलीजवळ यंत्र ठेवू नये. धूर आणि तेलकट वाफ यांचा थर सांध्यांत जमतो.

नव्या यंत्राला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल लावलेले असते. ते प्रथम कोरड्या फडक्याने पुसून काढावे, नाही तर पहिल्याच कापडावर डाग पडतात. त्यानंतर वरच्या भागावरील तेलाच्या छिद्रांत आणि जेथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. यंत्राचे डोके मागे कलते करून खालचे सांधेही पाहावेत. शटल ज्या गोल खोबणीत फिरते तेथे एक थेंब अवश्य हवा. दोरा न ओवता, दाबपाय वर ठेवून काही मिनिटे यंत्र चालवावे, तेल पुसावे आणि चिंधीवर टीप घालून डाग पडत नाही अशी खात्री करून घ्यावी.

घरात यंत्राचे तेल नसले म्हणजे खोबरेल किंवा गोडे तेल घालण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. खाण्याची तेले काही दिवसांनी चिकट होतात, त्यांवर धूळ आणि कापडाची भुकटी बसते आणि यंत्र जड होते. खोबरेल थंडीत गोठते हेही सर्वांना ठाऊक आहे. रोज काम असेल तर रोज थोडे तेल आणि काम बंद असेल तर काही दिवसांनी एकदा, हा नेम पुरेसा आहे.

पाय आणि चाक

दोरा ओवण्यापूर्वी पायाला शिक्षण द्यावे लागते. घरगुती यंत्राचे हातचाक सामान्यतः शिवणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे त्याची वरची कड आपल्याकडे येईल असे, फिरते. पायडलवर दोन्ही पाय ठेवून टाच आणि चवडा यांवर आळीपाळीने भार द्यायचा असतो. सुरुवात हाताने चाक आपल्याकडे ओढून करावी आणि पायाने ती गती पुढे चालू ठेवावी. केवळ पायाने सुरुवात केली तर नवशिक्याच्या हातून चाक हमखास उलटे फिरते. दोरा ओवलेला असताना असे घडले की तो शटलमध्ये गुंततो आणि तुटतो.

यासाठी एक जुना व खात्रीचा अभ्यास आहे. सुईत दोरा न घालता वहीचा रेघांचा कागद दाबपायाखाली ठेवावा आणि रेघेवरून छिद्रे पाडीत जावे. प्रथम सरळ रेघा, नंतर चौकोन, नंतर वळणे आणि शेवटी गोल. चौकोनाच्या कोपऱ्यावर थांबताना सुई कागदात रुतलेली ठेवून दाबपाय वर करावा, कागद वळवावा आणि पाय खाली घेऊन पुढे जावे. हव्या त्या छिद्रावर यंत्र थांबविता येऊ लागले की पाय तयार झाला असे समजावे. कागदाने सुईची धार जाते, म्हणून या अभ्यासाची सुई वेगळी ठेवावी.

हातचाकाच्या मधोमध एक छोटे चाक असते. बॉबिन भरताना ते सैल केले की हातचाक फिरते, पण सुई जागीच राहते. बॉबिन भरून झाल्यावर ते पुन्हा घट्ट करण्याचे विसरले तर पायडल चालते, चाक फिरते आणि सुई हलत नाही. नव्या यंत्राविषयीची ही नेहमीची तक्रार असते आणि तिचे उत्तर एका पिळाचे असते. हे छोटे चाक साफसफाईसाठी काढले तर त्याखालची कानवाली चकती कशी बसली होती हे नीट पाहून ठेवावे. ती उलट बाजूने बसली तर चाक सैल होत नाही किंवा घट्ट होत नाही. अशा वेळी चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावी.

पायडल आणि हातचाक यांना जोडणारा चामड्याचा पट्टा नवा असताना काही दिवसांत सैलावतो. तो घसरू लागला की थोडासाच कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडावा. फार आखूड केल्यास यंत्र जड चालते.

सुई : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची

घरगुती यंत्राच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. तिच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते आणि विरुद्ध बाजूला नेढ्याच्या वर छोटा खोलगट भाग असतो. नियम असा की दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्या बाजूला लांब खाच यावी आणि शटलचे नाक ज्या बाजूने येते त्या बाजूला खोलगट भाग यावा. सर्व यंत्रांत ही दिशा सारखी नसते. म्हणून नव्या यंत्रातील पहिली सुई काढण्यापूर्वी तिची सपाट बाजू कोणीकडे आहे हे पाहून लिहून ठेवणे शहाणपणाचे. सुई वर थेट टेकेपर्यंत चढवावी आणि मगच स्क्रू आवळावा.

सुईवर दोन आकडे असतात, जसे ९०/१४. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. मलमल, व्हॉइल, पातळ रेशीम यांना ७५/११, नेहमीच्या सुती पोलक्याला, परकराला, शाळेच्या सदऱ्याला ९०/१४ आणि जाड ड्रिल किंवा पिशवीच्या कापडाला १००/१६ किंवा ११०/१८ योग्य ठरते. बाजारात कारखान्यांतील यंत्रांच्या, गोल दांड्याच्या सुयाही मिळतात. त्या घरगुती यंत्राला चालत नाहीत. दुकानात जाताना जुनी सुई नमुन्यासाठी बरोबर न्यावी.

सुई वाकली आहे की नाही हे पाहण्यासाठी तिची सपाट बाजू आरशावर ठेवावी. सुई आणि तिचे प्रतिबिंब यांतील फट टोकापर्यंत सारखी दिसली तर सुई सरळ आहे. शिवताना टक् टक् असा आवाज येऊ लागला किंवा कापडाचे तंतू ओढले जाऊ लागले तर सुई बोथट झाली असे समजावे. चार-दोन रुपयांच्या सुईची काटकसर करण्यात दुसऱ्याच्या किमती कापडाचे नुकसान होते.

दोऱ्याची वाट आणि बॉबिनचे घर

वरचा दोरा रिळापासून सुईपर्यंत एका ठरावीक वाटेने जातो : आधी वरच्या मार्गदर्शक छिद्रातून, मग ताणाच्या दोन चकत्यांमधून, तेथील बारीक स्प्रिंगच्या तारेतून, तेथून वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या छिद्रातून आणि शेवटी खालच्या आकड्यांतून नेढ्यात. यांपैकी एक टप्पा जरी चुकला तरी टीप बिघडते.

येथे एक बारकावा आहे. दाबपाय खाली असतो तेव्हा ताणाच्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि वर असतो तेव्हा त्या सैल होतात. म्हणून दोरा नेहमी दाबपाय वर करून ओवावा. पाय खाली ठेवून ओवलेला दोरा चकत्यांच्या मध्ये न शिरता कडेवर राहतो आणि त्यावर ताणच येत नाही. उलटपक्षी, ताण तपासायचा असेल तर दाबपाय खाली घेऊन दोरा ओढून पाहावा.

बॉबिन एकसारखी, दाबून आणि काठापासून थोडी कमी भरावी. ढिली भरलेली बॉबिन अडखळत सुटते, तर काठोकाठ भरलेली केसमध्ये फिरत नाही. केसमध्ये घातल्यावर दोरा खाचेतून सरकवून पातळ पट्टीच्या स्प्रिंगखाली आणावा. केस यंत्रात बसविताना खट् असा आवाज आला पाहिजे. आवाज न येता बसविलेली केस पहिल्या टाक्यालाच हलते आणि सुई तिच्यावर आदळते. बाजारातील सर्व बॉबिन सारख्या मापाच्या नसतात. यंत्राबरोबर आलेली बॉबिन हेच आपले माप समजावे.

ताणाचे गणित

ताण समजला की यंत्र समजले, असे म्हणण्यास हरकत नाही. वरचा आणि खालचा दोरा म्हणजे जणू रस्सीखेच करणारे दोन गडी. दोघांचा जोर सारखा असेल तेव्हा त्यांची गाठ कापडाच्या दोन थरांच्या मध्ये पडते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

प्रथम खालचा ताण पाहावा. बॉबिन घातलेली केस दोऱ्याला धरून लोंबती सोडावी. ती आपल्या वजनाने घरंगळत खाली येऊ लागली तर ताण सैल आहे. हाताला हलका झटका दिल्यावर ती बोटभर खाली येऊन थांबली तर ताण योग्य आहे. झटक्यानेही हलली नाही तर ताण जास्त आहे. केसवरील स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत कापावे इतकाच, फिरवावा. तो फार लहान असतो आणि निसटल्यास सापडत नाही, म्हणून खाली पांढरे फडके पसरावे.

यानंतर वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून सुती कापडाच्या दोन थरांवर टीप घालावी. वरच्या रंगाचे फासे कापडाच्या खाली दिसले तर वरचा ताण कमी आहे. खालच्या रंगाचे ठिपके वर दिसले आणि वरचा दोरा सरळ ताणलेला दिसला तर वरचा ताण जास्त आहे. दुसरी कसोटी अशी : कापडाच्या तिरक्या बाजूवर टीप घालावी आणि दोन्ही हातांनी ती ताणावी. जो दोरा आधी तुटेल त्याचा ताण अधिक. दोन्ही एकदम तुटले तर तोल साधला. खालचा ताण एकदा जमला की त्याला सहसा हात लावू नये. रोजचा बदल वरच्या चकत्यांवरच करावा.

कापडाखाली गुंतवळ जमले की नवशिका माणूस बॉबिनला दोष देतो. पुष्कळदा चूक वरच्या दोऱ्याची असते. वरच्या दोऱ्यावर ताण नसल्यामुळे तो खाली साचतो. दिसते खाली, कारण मात्र वर, हे एक सूत्र ध्यानात राहिले तरी अनेक यंत्रे तालुक्याच्या फेरीतून वाचतील.

कापडाचा स्वभाव

प्रत्येक यंत्राला काही सवयी असतात आणि प्रत्येक कापडालाही. सुती कापड यंत्राला मानवते. कृत्रिम धाग्याचे गुळगुळीत कापड सरकते आणि चुण्या पडतात. अशा वेळी बारीक सुई, थोडा कमी ताण आणि दाबपायाचा थोडा कमी भार हा उपाय करावा. दाबपायाचा भार त्याच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी असलेल्या स्क्रूने कमी-अधिक होतो. जाड कापडाला भार अधिक लागतो. नेहमीच्या सुती कपड्याला इंचात दहा ते बारा टाके पुरतात. यंत्रावरील आकड्यांवर सर्वस्वी न विसंबता चिंधीवर एक इंच मोजून टाके गणावेत, म्हणजे आपल्या यंत्राचा कोणता आकडा किती टाके देतो हे कळते.

कापड पुढे नेण्याचे काम दात्यांचे आहे. हातांनी केवळ दिशा द्यावी. मागून ओढलेल्या कापडाबरोबर सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून मोडते. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके वीतभर मागे घेऊन बोटांनी धरावीत. टीप संपवितानाही दोरा ओढणारा दांडा सर्वांत वर असतानाच कापड काढावे. कापड नसताना, दोरा ओवलेले यंत्र कधीही चालवू नये. दाबपाय उघड्या दात्यांवर टेकवूनही चालवू नये, दाते झिजतात.

तक्रार आली तर : एका वेळी एकच बदल

यंत्र रुसले की एकदम चार स्क्रू फिरविले जातात आणि मूळ दोष कोणता होता हेच कळेनासे होते. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा आणि प्रत्येक पायरीनंतर चिंधीवर टीप घालून पाहावी.

१. वरचा दोरा पूर्ण काढून, दाबपाय वर करून, पुन्हा ओवावा.
२. सुई नवी घालावी. दिशा आणि उंची तपासावी.
३. बॉबिन आणि केस काढून शटलच्या खोबणीतील तंतू ब्रशने काढावेत, एक थेंब तेल द्यावे, केस खट् वाजेपर्यंत बसवावी.
४. वरचा ताण थोडा बदलून पाहावा.
५. एवढे करूनही दोष राहिला तरच कारागिराकडे जावे.

काही तक्रारींची कारणे ठरलेली असतात. टाके सुटत असतील तर सुई पाहावी. वरचा दोरा वारंवार तुटत असेल तर जास्त ताण, जुना दोरा किंवा नेढ्याची खरखरीत कड ही कारणे असतात. दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात पक्का बसण्यापूर्वी नेढ्यातून अनेक वेळा वर-खाली घासला जातो, म्हणून निकृष्ट दोरा तेथे टिकत नाही. यंत्र जड झाले असेल तर तेल, शटलमधील तंतू, आखूड पट्टा आणि बॉबिन भरण्याचे चाक चिकटून राहिले आहे काय, हे पाहावे. कापड पुढे सरकत नसेल तर टाक्याचा दांडा शून्यावर नाही ना, दाबपाय वर राहिला नाही ना आणि दात्यांत भुकटी दाटली नाही ना, हे पाहावे. पायडलऐवजी विजेची मोटर बसविलेल्या यंत्रालाही हे सर्व लागू आहे. फक्त सुई बदलताना किंवा तेल घालताना वीज बंद करावी आणि हात बसेपर्यंत वेग कमी ठेवावा.

यंत्राची वही

घरातील चादर बिघडली तर नुकसान घरातच राहते. परंतु शेजारणीने सणासाठी घेतलेला खण शिवायला दिला आणि काखेतील टीप उसवली किंवा सुईने कापड ओढले गेले, तर ते भरून द्यावे लागते आणि दुसरे गिऱ्हाईकही जाते. लहान गावात शिवणाऱ्या बाईचे नाव एका पोलक्याने होते आणि एका पोलक्याने जातेही. म्हणून दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी त्याच कापडाच्या दोन थरांच्या चिंधीवर चार बोटे टीप घालून पाहण्याचा नेम कधीही मोडू नये.

त्या चिंध्या फेकून न देता एका वहीत चिकटवाव्यात. शेजारी कापडाचे नाव, सुईचा आकडा, ताणाचा आकडा, टाक्याचा आकडा आणि तारीख लिहावी. कोणत्या दिवशी काय बिघडले आणि कशाने सुधारले याचीही नोंद करावी. महिन्याभरात ही वही त्या विशिष्ट यंत्राचे खरे माहितीपत्रक होते, कारण एकाच कारखान्यातील, एकाच बनावटीची दोन यंत्रेही ताणाच्या एकाच आकड्यावर सारखी टीप देतील असे नाही. लिहिता न येणाऱ्या भगिनींसाठी घरातील शाळकरी मूल ही नोंद करू शकेल.

वाटपानंतरची जबाबदारी

स्त्रियांना शिवणकामाचे रीतसर शिक्षण देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी वाढविलेल्या सेवासदनाच्या कामात शिवणाच्या वर्गांना स्थान होते. हाताला कौशल्य मिळाल्याशिवाय साधनाचा उपयोग नाही हीच त्यामागील दृष्टी होती. विश्वकर्मा योजनेतही अवजारांच्या साहाय्याला पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणाची जोड देण्यात आली, ती याच कारणाने.

पंचायतीच्या पातळीवर यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. यंत्र वाटपाच्या दिवशीच गावातील अनुभवी शिंप्याकडून किंवा शिवणशिक्षिकेकडून तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. प्रत्येक यंत्रासोबत तेलाची कुपी, दोन मापांच्या सुया, चार बॉबिन, लहान पेचकस आणि मराठीतील माहितीपत्रक आहे की नाही हे वाटपापूर्वी तपासता येईल. पंधरा दिवसांनी ज्यांना यंत्र मिळाले त्या भगिनींना एकत्र बोलावून प्रत्येकीने टीप घातलेली एक चिंधी पाहिली तर कोणाचे यंत्र चालते आणि कोणाचे अडले, हे एका नजरेत कळेल. शाळेतील शिक्षकांना कार्यानुभवाच्या तासाला टाका कसा पडतो हे यंत्र फिरवून दाखविता येईल. त्यातून मुलांना यंत्रशास्त्राचा एक सुंदर धडा मिळेल आणि मुलांमार्फत तो घरीही पोहोचेल. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची गावात महिन्यातून एक फेरी ठरवून घेणे हेही अवघड नाही.

वाटप झालेल्या यंत्रांची संख्या अहवालात येते. त्यांपैकी किती यंत्रांच्या दात्यांखालून आज कापड सरकत आहे, ही नोंदही त्याच अहवालात आली पाहिजे. पंधराव्या दिवशी घरी जाऊन पाहणाऱ्या ग्रामसेवकाला किंवा सदस्याला ती सहज मिळू शकेल. यंत्रावरील झाकण उघडे आहे की त्यावर घड्या ठेवलेल्या आहेत, एवढेच त्याला पाहायचे आहे.